पेशींची मांडणी आणि प्रथिनांची साक्ष

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ ग्रंथी, अर्थात प्रोस्टेट, असे म्हणतात. उतारवयात तिच्यात कर्करोग उद्भवला, तर प्रश्न उभा राहतो तो असा की, हा रोग झपाट्याने पसरणारा आहे की मंद गतीचा? या उत्तराचे मोल मोठे आहे. शस्त्रक्रियेनंतर काहींचा मूत्रावरील ताबा जातो, काहींचे पुरुषत्व उणावते. उलट मंद रोग पुष्कळदा नुसत्या नियमित देखरेखीवर सोपविता येतो.

१९६६ साली अमेरिकेतील मिनिआपोलिसचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी यावर एक मार्ग दाखविला. एकेकट्या पेशीचे रूप न्याहाळीत बसण्याऐवजी पेशींनी मिळून केलेली मांडणी त्यांनी पाहिली, आणि तीही सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगातून. सुबक, सुट्या नलिकांना ३ पर्यंतचे क्रमांक. एकमेकींत मिसळलेल्या नलिकांना ४. रचनाच लोपून पेशी विखुरल्या, तर ५. त्यांच्या मूळ पद्धतीत, सर्वाधिक आढळणाऱ्या दोन मांडण्यांच्या क्रमांकांची बेरीज हाच रोगाचा गुणांक. परंतु ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३ यांची बेरीज सातच होते. दुसरा रोग मात्र पहिल्याहून उग्र. म्हणून २०१४ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १ ते ५ असे श्रेणीगट स्वीकारले आणि या दोहोंना निरनिराळ्या गटांत बसविले.

डोळ्याला दिसणाऱ्या या मांडणीला प्रथिनांची साक्ष मिळते ती प्रतिपिंडांमुळे. ठराविक प्रथिनालाच चिकटणारा प्रतिपिंड तुकड्यावर सोडला की तेथे बहुधा तपकिरी रंग उमटविता येतो. निरोगी नलिकेला बाहेरून तळपेशींचा थर असतो. त्यांतील पी-६३ हे प्रथिन असे रंगते. कर्करोगात हा थरच नाहीसा होतो. कर्करोग आहे की नाही, हा संशय त्यामुळे फिटतो. श्रेणी मात्र त्यावरून कळत नाही.

श्रेणीशी जवळचे नाते आहे ते केआय-६७ चे. (हा प्रतिपिंड जर्मनीतील कील नगरात, तबकाच्या ६७ व्या खळग्यात सापडला, म्हणून हे नाव!) विभाजनाच्या मार्गावरील पेशींतच हे प्रथिन असते, विसावलेल्या पेशींत नसते, उच्च श्रेणीत रंगलेली केंद्रके सामान्यतः अधिक. पीएसएची गोष्ट विलक्षण आहे. रक्तात ते वाढले की रोगाची शंका येते. प्रत्यक्ष तुकड्यात मात्र उच्च श्रेणीच्या पेशींत ते बहुधा कमीच आढळते. ग्रंथीची रचना ढासळल्यामुळे ते रक्तात झिरपते, एवढेच.

यांपैकी कोणतेही प्रथिन ग्लीसन यांच्या मोजणीची जागा घेऊ शकलेले नाही. पण त्या मोजणीलाही मर्यादा आहे: सुईने काढलेला तुकडा बारीक, आणि शेजारीच अधिक उग्र भाग दडलेला असू शकतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पीटीईएन हे प्रथिन येथे उपयोगी पडते. खालच्या श्रेणीच्या तुकड्यातही ते हरपलेले आढळले, तर हाती न लागलेल्या भागाविषयीची शंका बळावते, आणि नुसत्या देखरेखीचा बेत पुन्हा तपासून पाहावा लागतो.