काचा घरी, नळी कारखान्यात

पहाटे साडेपाच

माझ्या दिवसाचं पहिलं काम कानाचं. घर उठायच्या आत टेबलावरचं शटर हातात घेतो, एक सेकंदावर लावतो, खटका दाबतो आणि ऐकतो. आतली दात्यांची चाकं एका दमात फिरली पाहिजेत. आवाज मध्येच कुठे रेंगाळला, तर जुनं तेल अजून धरून बसलंय असं समजायचं. गल्लीत दुधाच्या गाड्या सुरू झाल्या की हे ऐकू येत नाही, म्हणून ही वेळ.

आज आवाज रेंगाळला नाही. शटर इलेक्स कंपनीचं, पाच नंबरचं, अमेरिकेतल्या रॉचेस्टरला बनलेलं. चांगलं बशीएवढं मोठं आहे. गेले चार दिवस ते माझ्यापुढे उघडं पडलं होतं. चाकांचा संच व्हाइट पेट्रोलमध्ये तीनदा धुतला आणि प्रत्येक आसाला सुईच्या टोकावर राहील एवढंच घड्याळाचं तेल दिलं. पात्यांना मात्र तेलाचा स्पर्शही नाही. ती एकमेकांवर कोरडीच सरकली पाहिजेत. थेंबभर तेल गेलं की ती चिकटतात, आणि चिकटलेल्या पात्यांवर जोर केला की वाकतात. शटर अडलं की लोक आधी तेल सोडतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक शटरांचं दुखणं तिथूनच सुरू झालेलं असतं.

सात

चहा झाल्यावर कपाटातून भिंग काढलं. फॉइग्टलँडरचं हेलियार, ३० सेंटिमीटर, एफ ४.५. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या या कंपनीसाठी हान्स हार्टिंग यांनी १९०० साली हेलियारची रचना केली. त्यात पाच काचा, तीन गटांत. हे भिंग मिरजेकडच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतलं. स्टुडिओच्या मालकांचा नातू पुण्यात असतो. आजोबांचा वागीश्वरी कॅमेरा त्याने जपलाय. केरळात अलप्पुळाला बनलेला, सागवानी, फुल प्लेटचा, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांचा. त्यावर त्याला माणसांचे फोटो काढायचेत. फिल्म म्हणून एक्स-रेची फिल्म वापरतो, आठ बाय दहाचा ताव लाल दिव्यात कापून.

अडचण एवढीच, की या भिंगाला शटर नाही. कधी नव्हतंच. आजोबा टोपी काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि टोपी लावायचे. पेट्झवालचं पोर्ट्रेट भिंग १८४० साली आलं, तेव्हापासून स्टुडिओंची हीच रीत. काचेची प्लेट मंद होती तोवर ती पुरली. एक्स-रे फिल्मला मात्र सोप्यातल्या उजेडात सेकंदाचा पंचविसावा भागही पुरतो. तेवढ्या वेळात टोपी काढून परत लावणं कुणाच्याच हाताला जमणारं नाही.

मग शटर कुठलं घ्यायचं? त्यातल्या त्यात नव्या शटरांमध्ये मोठं म्हणजे कोपल तीन नंबर. त्याचं तोंड ४५ मिलिमीटर. हेलियार पूर्ण उघडलं की त्याला हवं असतं ३०० भागिले ४.५, म्हणजे जवळपास ६७. शटर भिंगाच्या मागे बसवलं तर तिथवर प्रकाशाचा झोत निमुळता होत जातो, हे खरं. डायफ्रॅमपासून साठ मिलिमीटर मागे तो ५३-५४ चा उरतो. तरी ४५ मधून जाताना कापला जाणारच, आणि एफ ४.५ चं भिंग ५.३ चं होऊन बसणार. हेलियार पूर्ण उघडं असताना डोळे धारदार येतात आणि कानापासून मागे सगळं सायीसारखं मऊ होत जातं. त्यासाठीच तर हे भिंग जपायचं. तेच घालवून बसवलेलं शटर काय कामाचं? इलेक्स पाचचं तोंड अडीच इंचांच्या आसपास आहे, त्यात झोत मावतो. रबरी फुग्याच्या हवेवर चालणारं पॅकार्डचं शटरही मोठ्या तोंडाचं मिळतं आणि मला ते आवडतं. पण त्यात झटपट वेग एकच, साधारण पंचविसावा भाग. पोराला पाचवा, दहावा, पंचविसावा असे सगळे हवेत.

पावणेनऊ

आता आटे मोजायचे. भिंग कॅमेऱ्याच्या फळीवर बसतं ते एका पितळी कड्याने. त्याला फ्लॅन्ज म्हणतात. ती हातात असती तर आट्यांचं मापच आयतं मिळालं असतं. पण फ्लॅन्ज फळीला स्क्रूंनी जखडलेली होती. स्टुडिओ रिकामा करताना कुणीतरी भिंग फिरवून काढून घेतलं आणि फळी बाकीच्या लाकडाबरोबर बंबात गेली.

म्हणून व्हर्नियर आणि पिच गेज घेऊन बसलो. पिच गेजची पानं एकेक करून आट्यांवर टेकवायची आणि पलीकडे कागद धरून उजेडाची फट दिसते का बघायचं. एक मिलिमीटरचं पान टेकवलं, फट दिसली नाही. शटर अमेरिकन, त्यामुळे त्याचे आटे इंचाच्या हिशोबातले. म्हणजे भिंग शटरला जोडणारी रिंग अशी हवी, की एका टोकाला इंच आणि दुसऱ्या टोकाला मिलिमीटर.

मग हेलियारच्या पुढच्या आणि मागच्या काचा त्यांच्या कड्यांसकट काढून मलमलीत गुंडाळल्या आणि कपाटात ठेवल्या. पिशवीत घेतली ती फक्त रिकामी पितळी नळी. काचा घरी, नळी कारखान्यात, हा माझा वीस वर्षांचा नेम आहे. लेथच्या शेजारी भिंग न्यायचं नाही.

साडेदहा

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. मामांचा लेथ माझ्या वयाहून जुना आहे. त्यांनी ॲल्युमिनियमचा राउंड बार चकात धरून फेसिंग आधीच करून ठेवलं होतं.

“भिंग कुटं हाय?”

“नळी आणलीय मामा. काचा घरी ठेवल्यात.”

“बेस केलंस.”

इंचाचे आटे तासाभरात झाले. खरं काम दुसऱ्या टोकाचं. मामांच्या लेथचा लीड स्क्रू इंची आहे. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे, तर गिअर बदलून १२७ दात्यांचं चाक लावावं लागतं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. या आकड्याला कशानेच भाग जात नाही, म्हणून लहान चाकावर भागत नाही, १२७ चंच लागतं. मामांनी ते तेलकट कापडात बांधून फळीवर ठेवलेलं असतं. वर्षात चार-पाच वेळा निघत असेल, त्यातल्या दोन-तीन वेळा माझ्यासाठी.

या कामात हाफ नट सोडायची सोय नाही. एक फेरी झाली की टूल मागे घ्यायचं, मोटर उलटी चालवून गाडी परत सुरुवातीला आणायची आणि टूल केसभर पुढे करून पुन्हा फेरी. मध्येच नट सोडला तर पुढचा कट जुन्या खाचेत पडत नाही आणि सगळे आटे उधळतात. सहाव्या फेरीला लाईट गेली. मामांनी चक थांबायच्या आत टूल बाहेर खेचलं आणि हँडलवरून हात काढला. “आता कुणी हात लावायचा न्हाई,” एवढंच म्हणाले. पंचवीस मिनिटं आम्ही दोघं त्या रिंगकडे बघत बसलो.

येताना खरी कॉर्नरवरून आलो होतो. तिथे कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात, १९१८ च्या सुमारास, दामल्यांना हाताशी घेऊन सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या कॅमेऱ्याचे दातेही कुणीतरी असेच एकेक करून पाडले असतील. माझं काम त्याच्यापुढे रिंगेएवढं, पण जातकुळी तीच. म्हणून मी रिंग मुंबईहून किंवा परदेशातून मागवत नाही.

लाईट आली. चार फेऱ्या झाल्यावर नळी लावून बघितली, अर्धा आटा जाऊन अडली. आणखी एक बारीक कट. मग नळी दोन बोटांच्या चिमटीत फिरत गेली आणि शेवटी टेकली तेव्हा जराही हलली नाही. मामांनी रिंगेच्या आतल्या बाजूलाही बारीक आटे पाडून दिले. ते कशात बसायला नाहीत. आतली भिंत गुळगुळीत राहिली की तिच्यावरून उजेड परततो आणि फोटोवर धुरकट पडदा येतो. आट्यांच्या खाचांत तो अडकून पडतो.

दीड

जेवण. जेवता जेवता रिंगेच्या आत मॅट काळा रंग दिला आणि उन्हात ठेवली. ॲनोडायझिंग परवा करून घेईन.

अडीच

रंग वाळेपर्यंत वेग मोजून घेतले. एका बाजूला टॉर्च, दुसऱ्या बाजूला छोटा फोटोडायोड, त्याची वायर जुन्या मोबाइलच्या माइकच्या भोकात. शटर उडालं की मोबाइलवर आवाजासारखी लाट उमटते, तिची रुंदी मोजायची. प्रत्येक वेगाला दहा वेळा. एक सेकंद म्हणून लिहिलंय तिथे १.२ सेकंद. पाचव्याला ०.२२, दहाव्याला ०.११. पंचविसावा निघाला एकविसावा. पन्नासावा, म्हणजे या शटरचा सर्वांत जलद वेग, छत्तिसावा निघाला.

स्प्रिंग ताणून पन्नासाव्याला खरा पन्नासावा करता येतो. मी करत नाही. इतक्या जुन्या स्प्रिंगला जास्तीचा ताण दिला की ती एक दिवस तुटते, आणि तशी स्प्रिंग पुन्हा मिळत नाही. पन्नासाव्याऐवजी छत्तिसावा म्हणजे अर्ध्या स्टॉपचा फरक. तो माहीत असला की पुरे. दहाही वेळा छत्तिसावाच आला, माझ्या लेखी हे शटर पास.

 

चार

जोडणी. काचा आपापल्या जागी गेल्या, हेलियार रिंगेत, रिंग शटरात आणि शटर सुताराकडून आणलेल्या नव्या सागवानी फळीवर. मागची काच आणि शटरची पाती यांत पुरेसं अंतर आहे ना, ते पातं अर्धं उघडून बॅटरीच्या उजेडात तपासलं. शटरचा स्वतःचा डायफ्रॅम पूर्ण उघडा ठेवून त्याच्या काट्याखाली कागदाची घडी घातली, म्हणजे चुकून मिटणार नाही. वापरायचा तो भिंगाचा डायफ्रॅम. त्यावर जुन्या जर्मन पद्धतीचे आकडे आहेत: ४.५, ६.३, ९, १२.५, १८, २५, ३६. भिंग अखंड राहिल्यामुळे हे आकडे आजही खरे आहेत. काचा काढून शटरच्या पुढे-मागे बसवल्या असत्या तर डायफ्रॅम बदलला असता, आकडे नव्याने कोरावे लागले असते आणि काचांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत सांभाळावं लागलं असतं.

हे अंतर चुकल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक टेसार भिंग माझ्याकडे आलं होतं. शटरमध्ये बसवण्यासाठी कुणीतरी त्याची नळी मधोमध कापली होती. मी तीन रिंगा बनवल्या, आठवडा घालवला, तरी त्याची धार परत आली नाही. कापलेल्या नळीचं मूळ माप सांगणारं काहीच उरलं नव्हतं. त्या दिवसापासून नळी कापायचं काम मी घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. आज बनवलेली रिंग उद्या कुणाला नको झाली तर दोन मिनिटांत निघते आणि हेलियार होतं तसं मिळतं.

पाच

कॅमेरा सोप्यात मांडला. काळ्या फडक्याखाली जाऊन आधी कोपरे बघितले. ग्राउंड ग्लासचे कोपरे छाटलेले असतात, तिथे डोळा लावून आत भिंगाकडे बघायचं. पूर्ण गोल दिसला तर कोपऱ्यात पुरता उजेड पोचतो. मला दिसला बदामाच्या बीसारखा, दोन्ही बाजूंनी कापलेला. म्हणजे भिंग पूर्ण उघडं असताना कोपरे झाकोळणार. भाता लांबवून माणसाच्या अंतरावर फोकस केला तशी ती बी फुगली. चेहरा मध्ये येतो, त्याला धक्का नाही. पण निसर्गदृश्यासाठी ही जोडणी नको, असं मी पुण्याच्या त्या नातवाला स्पष्ट लिहिणार आहे.

आईला खुर्चीवर बसवलं. एफ ४.५, पंचविसावा, म्हणजे खरा एकविसावा.

आठ

मोरीत लाल दिवा. एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं आणि ते नखानेही ओरखडतं, म्हणून ट्रेच्या तळाशी काच ठेवून एकेकच फिल्म हळू हलवत धुतो. आईचे डोळे आधी उमटले, मग चष्म्याची दांडी. कानामागचा दरवाजा विरघळून गेला होता. खालचे दोन कोपरे जरा फिके, बीने सांगितलं होतं तेवढेच.

साडेनऊ

मोजलेले वेग एका कार्डावर लिहून फळीच्या आतल्या बाजूला चिकटवले. रिंगेवर दोन्ही आट्यांची मापं बारीक कोरली, म्हणजे पुढच्या कारागिराला पिच गेज घेऊन बसावं लागणार नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा गावात जुना स्टुडिओ रिकामा होत असेल तर भिंगाचं पितळ घासून चकचकीत करू नका, कोरलेले आकडे पुसट होतात. अडलेल्या आट्यांना पक्कड लावू नका. आणि भिंग फिरवून काढून घेऊ नका, फळीसकट घ्या. फ्लॅन्ज त्या फळीला असते.