पाळी गेल्यावरची आग

पाळी गेली, की बाई म्हणते, "सुटले एकदाची!" पण काही बायांना दोन-चार वर्षांनी दुसराच त्रास सुरू होतो. मायांगात, म्हणजे योनीत, कोरडेपणा येतो. आग होते, खाज सुटते. लघवीला सारखे जावे लागते. नवऱ्याजवळ जाताना दुखते.

बाई हे कुणाला सांगत नाही. "आता या वयात काय सांगायचे?" म्हणते आणि अंथरूण वेगळे घालते. नवऱ्याला वाटते, हिचे मन उडाले. मन उडालेले नसते, अंग दुखत असते. एवढे न बोलल्यामुळे घरात अबोला आलेला आम्ही पाहिला आहे.

हे होते कशाने? गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. त्यांतून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात मिसळतो. त्याने मायांगाची आतली कातडी जाड, ओली आणि लवचीक राहते. पाळी गेल्यावर हा रस फार कमी होतो. कातडी पातळ पडते, लवकर सोलवटते. अंगातून गरम वाफा येतात, त्या बहुधा काही वर्षांनी थांबतात. हा कोरडेपणा मात्र उपायावाचून सहसा जात नाही.

आग होते म्हणून आत साबण लावू नका. तुरटीचे पाणीही नको. त्याने कोरडेपणा वाढतो. साध्या पाण्याने बाहेरून धुवा, तेवढे पुरे. आणि लघवी जळजळते म्हणून पाणी कमी पिऊ नका. शेतावर आडोसा नसतो हे खरे, पण तहान मारून त्रास वाढतोच.

औषधाच्या दुकानात पाण्याची बुळबुळीत जेली मिळते. ती संबंधाच्या वेळी लावावी. बाहेरच्या कातडीला खोबरेल तेल चालते. मात्र निरोध वापरत असाल तर तेल नको. तेलाने रबर फाटते.

एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर इस्ट्रोजेनचे मलम देतात. ते थोडेसे आत लावायचे. बहुधा पहिले दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ट्यूब फेकू नका. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

या त्रासाला कुणी "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या कितीतरी बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ साली सरकारी समितीने त्याची चौकशी केली. त्यांत अगदी तरण्या बायाही होत्या. पिशवी काढून कोरडेपणा जात नाही. पिशवीबरोबर अंडाशये काढली, तर तो तरुणपणीच येतो.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर लगेच दवाखाना गाठा. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण कधी कधी तो कर्करोग असतो, आणि लवकर कळला तर बरा होऊ शकतो. पुरुष डॉक्टरांपुढे बोलायची लाज वाटत असेल, तर आधी गावच्या आशाताईला सांगा. बाई डॉक्टर कुठे आणि कोणत्या वारी भेटतील, ते विचारा आणि तिलाच सोबत घेऊन जा.