टॉमीला हर्पिस? चक्क कॉमन आहे!

हर्पिस म्हटलं की आपण घाईघाईने विषय बदलतो. पण कुत्र्यांचाही स्वतःचा एक हर्पिस व्हायरस आहे, बरं का! १९६५ मध्ये अमेरिकेत त्याची पहिल्यांदा नोंद झाली. पुढे युरोपात रक्ततपासण्या झाल्या, तेव्हा बेल्जियममध्ये जवळपास निम्म्या आणि इंग्लंडमध्ये त्याहूनही जास्त कुत्र्यांत त्याच्या अँटिबॉडीज सापडल्या.

मग एवढे कुत्रे आजारी का दिसत नाहीत? कारण मोठ्या कुत्र्याला फार तर थोडी सर्दी होते. नंतर व्हायरस मज्जापेशींत दडून बसतो, आयुष्यभर. बाळंतपणासारखा ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो.

किंमत मोजतात ती तीन आठवड्यांच्या आतली पिल्लं. या व्हायरसला ३५-३६ अंश तापमान मानवतं. मोठ्या कुत्र्याचं अंग ३८ अंशांच्या वर असतं. पिल्लांना मात्र स्वतःची ऊब धरता येत नाही. दूध तोडणं, सतत कण्हणं आणि एक-दोन दिवसांत अख्खं वेत गार. आपण मात्र ‘नजर लागली’ म्हणून मोकळे! मला खटकतं ते हेच.

म्हणून तुमची ‘स्वीटी’ गाभण असेल तर शेवटचे तीन आठवडे आणि बाळंतपणानंतरचे तीन आठवडे बाहेरचे कुत्रे नकोत. तिचा मॉर्निंग वॉकचा ग्रुपही नको. पिल्लांची जागा उबदार ठेवा. एखादं पिल्लू दगावलंच, तर व्हेटकडून कारण शोधून घ्या.

आणि तुम्ही? नो टेन्शन. हा व्हायरस माणसांना होत नाही. पापी घ्या बिनधास्त!