तण खाई धन

आपल्या शेतकऱ्यांमध्ये एक म्हण आहे – ‘तण खाई धन’. पिकात उगवलेले तण शेतकऱ्याचे धन खाऊन टाकते, असा तिचा अर्थ. ही म्हण मोठ्या शेताला लागू पडते, तशीच तुमच्या अंगणातील चार हात लांबीच्या वाफ्यालाही लागू पडते.

तण म्हणजे काय? आपण न पेरता, नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. उर्दूत आपण ‘खुदरौ’ म्हणतो, म्हणजे आपोआप उगवणारे. तणही असेच खुदरौ असते. त्याला कोणी पेरत नाही, पाणी घालत नाही, तरी ते जोमाने वाढते. आपण भाजीला दिलेले पाणी ते पिते, खत खाते आणि भाजीच्या वाट्याचा सूर्यप्रकाशही अडवते. शिवाय भाजीवर पडणाऱ्या किडी दाट तणात लपून राहतात.

एका पावसाळ्यात आमच्या शाळेतील मुलांनी शाळेच्या मागे वाफा केला. त्यात मेथी फोकून पेरली. मेथी छान उगवली. पहिली जुडी कोणाच्या घरी न्यायची, यावर मुलांची चर्चाही सुरू झाली. तेवढ्यात आठ दिवसांची सुट्टी लागली. परत येऊन पाहतो तो काय! वाफ्यात मेथीपेक्षा गवतच जास्त. मुले उत्साहाने तण उपटू लागली. पण मेथी ओळीत पेरलेली नव्हती. रोप कोणते आणि तण कोणते, हे समजेना. तणाबरोबर निम्मी मेथीही उपटली गेली. वाफा मात्र स्वच्छ दिसू लागला. पाचव्या दिवशी त्याच जागी हिरव्या टोकदार पात्या पुन्हा वर आल्या. एका मुलाने विचारले, “आपण तर सगळे काढले होते, मग हे पुन्हा कोठून आले?”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर जमिनीत होते. आम्ही कुदळीने माती उकरली. तेव्हा धाग्यासारख्या बारीक मुळांना लागलेल्या काळसर गाठी सापडल्या. तसबीहचे मणी दोऱ्यात ओवावेत, तशा त्या एकीला एक जोडलेल्या होत्या. ते तण होते लव्हाळा. त्याला नागरमोथा असेही म्हणतात. वरची पाती ओढली की ती तुटून हातात येते आणि गाठ जमिनीतच राहते. त्या गाठीतून पुन्हा नवी पाती फुटते. त्या वर्षी मेथीची एकही जुडी हाती लागली नाही. पण एक धडा मिळाला. तण काढण्यापूर्वी तण ओळखावे लागते.

म्हणून आपण काही तणांची ओळख करून घेऊ.

लव्हाळ्याची काडी बोटांत धरून फिरवून पाहा. ती गोल नसून तिधारी असते. हे तण पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, खोल खणून गाठींसह काढावे. गाठी कडक उन्हात चांगल्या वाळू द्याव्यात, म्हणजे त्या मरतात. त्या खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

दुसरे तण हराळी, म्हणजेच उर्दूतील दूब. ती जमिनीवरून व जमिनीखालून दोन्हीकडे धावते आणि तिच्या पेरापेराला मुळे फुटतात. खुरप्याने तिचे दहा तुकडे केले, तर दहा नवी रोपे तयार होऊ शकतात. म्हणून तिचे तुकडे न करता माती भुसभुशीत करावी आणि दोऱ्या ओढाव्यात तशा तिच्या लांब काड्या हळूहळू ओढून काढाव्यात.

तिसरे तण केना. त्याला लहान निळी फुले येतात. याची एक गंमत आहे. त्याला जमिनीच्या वर फुले येतात, तशीच जमिनीखालीही येतात आणि तेथेही बी तयार होते! त्याचे तोडलेले खोड ओल्या मातीवर पडून राहिले, तर ते पुन्हा मूळ धरते. उपटलेला केना वाफ्याबाहेर नेऊन वाळवावा, तो याच कारणासाठी.

चौथे तण गाजरगवत. याची पाने गाजराच्या पानांसारखी व फुले बारीक पांढरी असतात. हे मूळचे अमेरिका खंडातील. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याच्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. त्यानंतर ते देशभर पसरले. एक झाड हजारो बिया तयार करते. या गवतामुळे अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतो. काहींना दम्याचा त्रास होतो. म्हणून ते उघड्या हाताने कधीही उपटू नका. मोठ्या माणसांना सांगा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून, फुले येण्याच्या आधीच ते मुळासकट काढावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

सगळीच तणे अशी चिवट नसतात. बहुतेक तणे बियांपासून उगवतात आणि लहानपणी फार नाजूक असतात. दोन-चार पानांची असताना खुरप्याने माती वरवर हलवली तरी ती मरतात. हे काम उन्हाच्या दिवशी सकाळी करावे, म्हणजे दुपारपर्यंत तण वाळून जाते. मात्र महिनाभर वाट पाहिली, तर त्याच कामाला दसपट कष्ट पडतात. एकदा त्याने बी टाकले, की ते मातीत कित्येक वर्षे जिवंत राहू शकते. तेव्हा एकच नियम लक्षात ठेवा – तणाला फुले येण्यापूर्वी ते काढा.

भाजी लावल्यानंतरचा पहिला महिना-दीड महिना फार महत्त्वाचा असतो. रोपे लहान असतात. त्यांना स्वतःचे रक्षण करता येत नाही. पुढे वांगी, टोमॅटो, भेंडी यांची झाडे मोठी होऊन जमिनीवर सावली धरतात आणि तण आपोआप कमी होते. कांदा आणि लसूण यांची पाने मात्र अरुंद असतात. त्यांची सावली पडत नाही. त्यांची काळजी अखेरपर्यंत घ्यावी लागते.

तण उगवूच नये, यासाठीही उपाय आहेत. वाफा तयार झाल्यावर लगेच पेरू नका. आधी पाणी द्या. आठ-दहा दिवसांत तण उगवेल. ते वरवर खुरपून काढा आणि मग बी पेरा. बी नेहमी सरळ ओळीत पेरा. ओळीबाहेर जे उगवेल ते तण, हे लहान मूलही ओळखू शकेल. रोपे थोडी मोठी झाली की दोन ओळींमध्ये वाळलेला पाला, भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट यांचा दोन-तीन इंच जाड थर पसरा. प्रकाश न मिळाल्याने तण उगवत नाही आणि मातीतील ओलही टिकते. हा थर रोपाच्या खोडाला चिकटू देऊ नका. शेणखत घालायचे, तर ते पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणातून तणाचे बी वाफ्यात येते. पाणीही सगळीकडे शिंपडू नका. वजूचे किंवा तांदूळ धुतलेले पाणी लोट्याने रोपाच्या मुळाशी द्या. जे पाणी भाजीला मिळते, ते तणाला मिळत नाही.

काही लोक तण मारण्यासाठी मीठ टाकतात. त्याने मातीच खराब होते. तणनाशक औषधेही घरच्या वाफ्यात नकोत. तण काय आणि भाजी काय, दोन्ही त्याने जळू शकतात. शिवाय अंगणात लहान मुले खेळत असतात.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र विसरू नका. तण आपले शत्रू असले, तरी त्यांतील काही उपयोगीही असतात. घोळ ही वनस्पती वाफ्यात तण म्हणून उगवते. उर्दूत तिला कुल्फा म्हणतात आणि तिची भाजी आवडीने खाल्ली जाते. पावसाळ्यात कोकणात कोवळ्या टाकळ्याची भाजी करतात. परंतु जाणत्या माणसाला दाखविल्याशिवाय कोणतीही रानभाजी तोंडात घालू नका.

पुढच्या वर्षी आमच्या मुलांनी मेथी ओळीत पेरली. दररोज मधल्या सुट्टीत दोघे जण दहा मिनिटे वाफ्यात बसत. सुट्टीच्या दिवसांत जवळ राहणारी मुले पाळीपाळीने येत. लव्हाळा पूर्णपणे गेला नाही. पण त्याला वाढायला सवड मिळाली नाही. या वेळी मेथीच्या इतक्या जुड्या निघाल्या, की पहिली जुडी कोणी न्यायची हा वादच उरला नाही.

स्वाध्याय

1. ‘तण खाई धन’ या म्हणीचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
2. पहिल्या वर्षी मुलांच्या कोणत्या चुका झाल्या?
3. लव्हाळा वरून ओढला तरी पुन्हा का उगवतो?
4. गाजरगवत उपटताना कोणती काळजी घ्यावी?

उपक्रम : घराजवळ किंवा शाळेजवळ उगवणाऱ्या पाच तणांची मराठी व उर्दू नावे मोठ्या माणसांना विचारून वहीत लिहा.