करडईचं तेल, मेंदू आणि 'ई'ची गोळी

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला तेव्हा जी माणसं चाळिशीत होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. म्हातारचळ लागलेल्या आजीला सकाळी भाकरी खाल्ली की नाही हे सांगता येत नाही. पण अनंत चतुर्दशीच्या त्या रात्री कोण कुठं निजलं होतं, माळवद कसं खाली आलं, हे ती बारकाव्यानिशी सांगते. मग घरचे म्हणतात, "हिला तर सगळं आठवतंय." इथंच फसगत होते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो. जुन्या आठवणी बराच काळ टिकतात.

अशा वेळी कुणीतरी 'ई' जीवनसत्त्वासारख्या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणून देतं. त्या काय करतात, हे आपल्याकडच्या करडईच्या तेलावरून चांगलं समजतं. उन्हाळ्यात झाकण उघडं राहिलं की तेलाला खवट वास मारतो. हवेतला ऑक्सिजन तेलातल्या नाजूक स्निग्धाम्लांना धरतो आणि एका रेणूचा बिघाड शेजारच्या रेणूला लागत जातो. लोखंडाचा, तांब्याचा अंश असेल तर हे आणखी झपाट्यानं होतं.

मेंदूच्या पेशींची आवरणंही अशाच नाजूक स्निग्धाम्लांची असतात. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के. एवढ्या ज्वलनात ठिणग्या उडणारच. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड लोह आणि तांबं धरून ठेवतं, त्यामुळे हा खवटपणा वाढतो. 'ई' जीवनसत्त्व आवरणात बसून ठिणगी स्वतःवर घेतं आणि साखळी तोडतं. करडईच्या तेलातही ते मुळातच असतं.

तर्क बिनचूक वाटतो. माणसांवर मात्र तो तितका खरा उतरला नाही. २००५ साली ७६९ जणांच्या चाचणीत, सौम्य विस्मरण असलेल्यांना ३ वर्षं 'ई' देऊनही अल्झायमर टळला नाही. साडेसात हजार पुरुषांना 'ई' आणि सेलेनियम देऊनही स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) रोखला गेला नाही, असं २०१७ साली दिसलं. २०१२च्या एका छोट्या चाचणीत ई, सी आणि अल्फा लिपोइक आम्ल एकत्र घेणाऱ्यांची बुद्धी उलट अधिक वेगानं घसरली.

एक अपवाद आहे, तो लपवणं बरोबर नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या ६१३ माजी सैनिकांच्या चाचणीत, आजार आधीच जडलेल्यांना रोज २००० युनिट 'ई' दिल्यावर दैनंदिन कामं करण्याची क्षमता सुमारे सहा महिने उशिरा ढासळली. स्मरणशक्तीत मात्र फरक पडला नाही. २००० युनिट म्हणजे ४०० युनिटच्या रोज पाच कॅप्सूल. एवढी मात्रा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याला रक्तस्रावाच्या धोक्यात लोटू शकते.

माझं मत स्पष्ट आहे: निरोगी माणसानं मेंदू वाचवायला या कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत. त्याऐवजी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. यांच्या कमतरतेतलं विस्मरण वेळेवर उपचार केल्यास सुधारू शकतं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते. साखर, रक्तदाब आणि ऐकू येणंही पाहा.

आजीला दवाखान्यात नेताना ती घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि 'ई'ची कॅप्सूल चालू असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा.