जीप उंच केली, आता शाफ्टचा कोन पाहा

अकोल्याच्या एका गॅरेजमध्ये आलेली जीप अचलपूर तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराची होती. जुनी महिंद्रा एमएम ५४०, पुढे-मागे पाट्यांचे स्प्रिंग, फोर-व्हील. बाग सातपुड्याच्या पायथ्याशी असल्याने पावसाळ्यात वाट नाल्यातून आणि गोट्यांवरून जाते. म्हणून मालकाने पाटे वाढवले, मागचे शॅकल लांब केले, मोठे टायर घातले आणि गाडी चार इंच उचलून घेतली. तेव्हापासून मागच्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस टिकेनात. हळू चालवली की चिमणीसारखी चिवचिव, रिव्हर्स टाकला की ‘टक’, आणि साठच्या पुढे पायाखालचा पत्रा थरथरायचा. आता त्यांना बाजारातला सगळ्यात जाड, हेवी शाफ्ट हवा होता.

मिस्तरी हो-नाही काहीच बोलले नाहीत. गाडीखाली सरकले, शाफ्ट हाताने मागे-पुढे हलवून पाहिला आणि म्हणाले, “जाड करून काय होते भाऊ? थो वाकडा फिरून रायला. आधी वाकडेपना किती हाय थे पाहू.”

सर्कलिप काढून त्यांनी क्रॉसची एक टोपी माझ्या हातात दिली. आत ग्रीस नव्हतंच, लाल गंजाची भुकटी होती. टोपीतल्या बारीक सुया काही तुटलेल्या, काही आडव्या पडलेल्या. क्रॉसच्या खुंटीवर बोट फिरवलं तर सुयांच्या जाडीचे समांतर चरे नखाला लागत होते. जास्त कोनात फिरताना सुयांवर प्रत्येक फेरीला हिसके बसले आणि त्यांनी पोलाद कोरून काढलं. असा क्रॉस बदलून नवा घातला तरी कोन तसाच राहिला तर त्याचीही तीच गत होणार.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात क्रॉसच्या या सांध्याला हूकचा सांधा म्हणतात, सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाच्या नावावरून. त्याचा एक जन्मजात दोष आहे. दोन दांडे कोनात जोडले तर पहिला एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंश असेल तर ही घट-वाढ दीड टक्क्याची, २० अंशांना ६ टक्क्यांची, आणि ३० अंशांना १३ ते १५ टक्क्यांची. ज्यांनी ट्रॅक्टर चालवला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. वावराच्या धुऱ्याशी वळताना पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर उचलला की जो खडखडाट होतो, तो याच दोषाचा. म्हणून जाणता माणूस उचलण्याआधी पीटीओ बंद करतो. जीपमध्ये ती सोय नाही. एकदा उंच केली की ती कायम उचललेल्या रोटाव्हेटरसारखीच चालते.

शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात ते यासाठीच. एकाने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. पण त्याला दोन अटी आहेत: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. या जीपमध्ये दुसरी अट मोडली होती. मागचे शॅकल लांब केल्याने स्प्रिंगचं मागचं टोक खाली गेलं, एक्सल फिरला आणि त्यावरच्या हौजिंगचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडतो ते टोक, वर आलं. ट्रान्सफर केसकडचा कोन १८ अंशांच्या आसपास भरला, हौजिंगकडचा १४. ताशी साठला हा शाफ्ट मिनिटाला सुमारे २००० फेरे घेतो. थरथर यायची नाही तर काय!

छोट्या जीपला उंची जास्त महाग पडते. शाफ्ट दोन फुटांचा असेल तर दोन इंच उंचीने कोन पावणेपाच अंशांनी वाढतो. चार फुटांचा असेल तर त्याच्या निम्मा. लांब गाडीत खपून गेलेलं उंची वाढवायचं किट आखूड जीपला बसवलं तर त्रास होतो तो यामुळे.

मोजमापाचं काम मी जवळून पाहिलं. गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी. टाकीत डिझेल, मागे नेहमीइतकं वजन. फ्लँजवर कोनमापक ठेवून आकडे खडूने भिंतीवर लिहिले. मग चेसिस जॅकवर उचलून मागचा एक्सल पूर्ण लोंबकळू दिला. इथे शाफ्ट सगळ्यात लांब होतो आणि कोन सगळ्यात मोठा. स्प्लाइन किती बाहेर आली, योकचे कान एकमेकांना टेकतात का, हे हाताने फिरवून पाहिलं. एका जागी कान घासल्याची चकचकीत खूण होती. मग उलटं, एक्सल पार वर दाबून. तेव्हा स्लिपमध्ये इंचभर तरी जागा शिल्लक हवी, नाहीतर खड्ड्यात आदळताच शाफ्ट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर घण घालतो. शाफ्टची ऑर्डर द्यायची ती या आकड्यांवर.

पुढचा प्रश्न जाडीचा. १९०३ मध्ये क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी या सांध्याचं पेटंट घेतलं, आणि आजही त्याच्या नावाची मापं चालतात. १३१० मापाच्या क्रॉसची टोपी साधारण २७ मिमी, १३५० ची ३० मिमी. मोठं माप दणकट, यात वाद नाही. पण गरज आहे का? शाफ्टवर जोर येतो तो टायरची पकड असेल तेवढाच. मागच्या एक्सलवर ९०० किलो वजन, टायरची त्रिज्या ३७ सेंमी, हौजिंगचं गुणोत्तर पावणेपाच-पाचच्या दरम्यान धरलं, तर कोरड्या खडकावरही साठेक किलोग्रॅम-मीटरला चाक घसरतं. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात त्याच्याही निम्म्यावर घसरतं. तिथे शाफ्ट तुटत नाही. तुटतो तो घसरत फिरणारं चाक नाल्यातल्या काळ्या दगडावर अचानक पकड घेतं तेव्हा. त्या धक्क्यात काहीतरी मोडणारच असेल, तर क्रॉस मोडलेला परवडतो. तो वाटेत बदलता येतो. शाफ्ट इतका जाड केला की क्रॉसऐवजी हौजिंगमधलं क्राउन-पिनियन फुटलं, तर धारणी-हरिसालच्या रस्त्यावरून गाडी दोरीनेच आणावी लागेल. म्हणून टायर फार मोठे नसतील तर कंपनीचंच माप ठेवावं, हे मिस्तरींचं मत मला पूर्ण पटलं.

शेवटी जे ठरलं ते असं. जास्तीचे पाटे आणि लांब शॅकल काढायचे, उंची दोन इंचांवर आणायची. मागे ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल जॉइंटचा, म्हणजे त्या टोकाला दोन क्रॉस जोडून बसवलेला शाफ्ट, कारण ही गाडी दर आठवड्याला अकोट-अंजनगाव रस्त्याने वेगात धावते. डबल जॉइंटला हौजिंगचं नाक शाफ्टच्या रेषेत लागतं, म्हणून एक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी पाचर. नाक एक-दोन अंश खालीच ठेवायचं, जोर लावला की ते आपोआप वर येतं. पुढच्या एक्सलला मात्र पाचर नाही; तिथे कोन बदलला तर स्टिअरिंग भरकटतं. डबल जॉइंटच्या मधल्या गोळीला ग्रीस लागतं, आणि पाण्यातून गाडी काढली की ते पुन्हा भरावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही आणि ज्यांची गाडी फक्त बागेत फिरते, त्यांनी साधा शाफ्टच ठेवावा. नळी कापून वेल्डिंग केली तर बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय बसवू नये.

उंची कमी करण्याला आणखी एक कारण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असा निकाल दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार विनापरवाना बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अमरावती असो की अकोला, आरटीओत विचारल्याशिवाय पाट्यांना हात लावू नका.

आणि शाफ्ट नवा असो की जुना, त्याच्या पुढच्या टोकाखाली लोखंडी पट्टीचा एक फास चेसिसला बोल्टने बांधून घ्या. पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुततो आणि गाडी उलटू शकते. फास असेल तर तो तिथेच लटकतो. काम अर्ध्या दिवसाचं आहे, ते उंची वाढवण्याच्या आधी करा.