मीटरचा लाल दिवा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. आमरस-पोळीचं जेवण झालं होतं आणि मी जरा पाठ टेकणार, तेवढ्यात दारात गाडी थांबली. बैलहोंगलचे मेहुणे आणि त्यांचा मुलगा आले होते. मुलाच्या हातात एक लाकडी फळी, फळीवर छोटी मोटर, शेजारी ॲमीटर, दोन स्विच आणि मुठीएवढा पांढरा डबा. डब्यावर हिरवा दिवा.

"मामा, इदु नोड्री," म्हणून त्याने चपला काढता काढताच सुरुवात केली. आमच्या घरात हे असंच चालतं. बायको बैलहोंगलची, माहेर कानडी. मी शहापूरचा, मराठी. भांडण मराठीत सुरू होतं आणि समजूत कानडीत निघते. मुलं दोन्हीकडून ऐकतात आणि आपल्याला हवं तेवढंच घेतात. असो.

तर त्या मुलाने फळीची वायर आमच्या प्लगमध्ये खोचली. मोटर सुरू झाली. ॲमीटरचा काटा 1.6 ॲम्पिअरवर. मग त्याने पांढऱ्या डब्याचा स्विच दाबला. हिरवा दिवा लागला आणि काटा सर्रकन 0.7 वर उतरला. मोटर तशीच फिरतेय, आवाज तोच, वेग तोच.

"बघा मामा, निम्म्याहून कमी! हा डबा घरात कुठल्याही प्लगमध्ये लावून ठेवायचा. बिल निदान तीस टक्के खाली."

माझी बायको डोळे विस्फारून बघत होती. मेहुणे मात्र माझ्याकडे बघत होते. ते कानडी शाळेतले मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. हळूच म्हणाले, "दाजी, तालुक्याची एजन्सी देतो म्हणतात. चार लाख डिपॉझिट. पंचवीस हजार टोकन दिलंय. बाकीचे येत्या शुक्रवारी द्यायचेत. तुम्ही लायनीतले माणूस, म्हणून विचारायला आलो."

चार लाख म्हणजे मास्तरांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा, आणि धाकट्या मुलीचं लग्न अजून व्हायचंय. माझी झोप तिथेच उडाली.

डबा खोटा नव्हता

वाचकहो, मी उद्यमबागेतल्या फौंड्रीत तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. त्यामुळे डबा उघडायच्या आधीच आत काय असणार ते मला ठाऊक होतं. आत असतो कपॅसिटर. आमच्या फौंड्रीत असे कपॅसिटर कपाटभर होते आणि त्यांनी कारखान्याचे पैसे खरोखर वाचवले. म्हणजे काटा उतरला ते खरंच होतं. खोटं होतं ते त्यातून काढलेलं अनुमान.

आता हे घरच्या भाषेत सांगतो. समजा गवळी रोज दहा लिटरची भरलेली किटली घेऊन तुमच्या दारात येतो. तुम्ही साधारण तीन लिटर घेता, उरलेलं दूध तो परत नेतो. पैसे तुम्ही तीन लिटरचेच देता, पण त्याच्या खांद्यावर ओझं दहा लिटरचं असतं. मोटरचंही तसंच आहे. तिच्या वेटोळ्यांत चुंबकत्व तयार व्हावं लागतं. त्यासाठी लागणारी वीज ती घेते आणि लगेच परत करते, सेकंदाला शंभर वेळा. ही ये-जा वायरमधून होते, ॲमीटरला दिसते, पण खर्च होत नाही. खर्च होते ती फक्त मोटर प्रत्यक्ष वापरते तेवढी.

कपॅसिटर म्हणजे दारातच ठेवलेलं एक भांडं. वरचं दूध त्यात ठेवायचं आणि त्यातूनच घ्यायचं. गवळ्याला आता जेमतेम साडेचार लिटरच आणावं लागतं. त्याचा खांदा हलका झाला, पण तुमचं दूध तीन लिटरच आणि पैसेही तीन लिटरचेच.

मग कारखान्यात पैसे कसे वाचतात? कारण कारखान्याकडून वीज कंपनी किटलीच्या ओझ्याचाही हिशेब घेते. पॉवर फॅक्टर ठरलेल्या मर्यादेखाली गेला की दंड बसतो. घरगुती मीटर मात्र फक्त खर्च झालेली वीज मोजतो, ज्याला आपण युनिट म्हणतो. घरी असा दंडच नाही, मग डबा वाचवणार काय?

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फळीवरच्या मोटरला कसलंच काम नव्हतं. ना पंप, ना पट्टा, रिकामीच फिरत होती. रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर सगळ्यांत वाईट असतो, म्हणून काटा सगळ्यांत जास्त उतरतो. हा खेळ ज्याने मांडला, त्याला विषय चांगला कळत होता.

दहा मिनिटांचा प्रयोग

मी हे सगळं सांगितलं. मुलगा ऐकत होता, पण चेहरा पडला नव्हता. "मामा, तुम्ही थिअरी सांगता. खरं, मी डोळ्यांनी काटा उतरलेला बघितलाय की!" त्याचंही बरोबरच होतं. माझ्या शब्दावर त्याने का विश्वास ठेवावा?

तेव्हा बायको आतून म्हणाली, "प्रत्यक्षवागि कंडरू प्रमाणिसि नोडु." ही कानडीतली म्हण तिची आई नेहमी म्हणायची. समोर दिसलं तरी पडताळून बघ. मराठीत आपण 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' म्हणून मोकळे होतो. कानडी म्हण म्हणते, कांकण आहे तर सोनाराकडे घासूनही बघ. त्या दुपारी मला कानडी म्हण जास्त शहाणी वाटली.

मग ठरलं, ॲमीटर बाजूला ठेवायचा आणि थेट मीटरलाच विचारायचं. आमच्या मीटरवर 3200 हा आकडा छापलेला आहे. म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद केलं: फ्रिज, पंखे, टीव्हीचा प्लग, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जरसुद्धा. मे महिन्यात! फक्त ती फळी चालू. मास्तरांनी घड्याळ धरलं, मुलगा मीटरसमोर स्टुलावर बसून मोजायला लागला. मोजायचं काम मी मुद्दाम त्यालाच दिलं.

डब्याशिवाय दहा मिनिटं: 64 वेळा. डबा लावून दहा मिनिटं: 65.

मुलगा काही बोलला नाही. पुन्हा स्टुलावर बसला, डबा काढून पुन्हा मोजलं, लावून पुन्हा मोजलं. आकडे तेच, एखाद्याचा फरक. ॲमीटरचा काटा मात्र दर वेळी इमानदारीने निम्म्याखाली उतरत होता. डबा लावल्यावर जो एखादा वाढत होता, तो बहुतेक त्या हिरव्या दिव्याचाच.

घामाने निथळत मास्तरांनी वहीत चार आकडे लिहिले आणि खाली रेघ मारली. तीस-पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेला माणूस. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

माझंही शहाणपण उशिराचंच

मी लहानपणापासून असा चिकित्सक होतो असं समजू नका. 1998 च्या सुमारास मी साडेतीनशे रुपये देऊन स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीला लावायचं लोहचुंबक घेतलं होतं. पेट्रोलचे रेणू सरळ रांगेत येतात आणि मायलेज वाढतं म्हणे. माझं वाढलंही! बेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर गेलं. फौंड्रीत पाच जणांना मी ते घ्यायला लावलं.

पुढे कार्ब्युरेटर साफ करताना मिस्त्रीने ते चुंबक काढून ठेवलं आणि परत लावायला विसरला. मला दोन महिन्यांनी कळलं. त्या दोन महिन्यांत मायलेज तेवढंच होतं. खरं कारण मीच होतो. चुंबक लावल्यापासून मायलेज मोजायचं म्हणून मी गाडी हळू चालवत होतो आणि दर आठवड्याला हवा भरत होतो. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा गुण आपल्याला दिसतोच. म्हणूनच वस्तूसह आणि वस्तूशिवाय, बाकी सगळं तसंच ठेवून मोजावं लागतं.

शिकलेली माणसंही यातून सुटत नाहीत. 1996 साली तामिळनाडूच्या रामर पिल्ले यांनी झाडपाला उकळून पेट्रोल होतं असा दावा केला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. ढवळायच्या पोकळ दांडीत इंधन आधीच भरलेलं असल्याचं पुढे आलं. तरीही नंतर 'हर्बल पेट्रोल' म्हणून माल विकला गेला आणि 2016 साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दावा आणि निकाल यांत वीस वर्षं गेली.

सगळेच दावे फसवणुकीचे नसतात, हेही सांगायला हवं. जुलै 2023 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी जाहीर केलं, की एलके-99 नावाचा त्यांचा पदार्थ साध्या तापमानाला विजेला अजिबात अडवत नाही. खरं असतं तर विजेच्या तारांपासून रेल्वेपर्यंत सगळं बदललं असतं. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ स्वतः बनवून पाहिला. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही पाहिला. त्यांना तो गुण सापडला नाही. जे विचित्र दिसलं होतं, त्याचं बरंचसं कारण पदार्थात मिसळलेलं कॉपर सल्फाइड निघालं. महिन्याभरात विषय संपला. यात विज्ञानाची फजिती झाली असं मला वाटत नाही. उलट ते असंच चालायला हवं. आम्ही स्टुलावर बसून केलं तेच त्यांनी मोठ्या यंत्रांवर केलं. मात्र पहिली बातमी मोठ्या मथळ्याची असते आणि दुसरी कोपऱ्यातली, म्हणून पहिलीच लोकांच्या लक्षात राहते.

मग करायचं काय?

मला आता नवी बातमी किंवा नवी वस्तू समोर आली की तीन प्रश्न पडतात. नेमकं मोजलं काय? डब्यावाल्याने ॲम्पिअर मोजले, बिल येतं युनिटचं. मोजलं कुणी? विकणाऱ्याने की दुसऱ्या कुणी? आणि ज्याचा त्यात फायदा नाही अशा माणसाने ते पुन्हा करून पाहिलं का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्यावं.

हे डबे आपल्याकडे खपतात, त्यालाही कारण आहे. कर्नाटकात 2023 मध्ये गृहज्योती योजना सुरू झाली. महिन्याला दोनशे युनिटच्या आतल्या घरांना ठरावीक वीज मोफत मिळते, आणि दोनशेच्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात एकशे नव्वदवर पोचलेल्या प्रत्येक घराला धडकी भरते. त्या धडकीवरच डबे विकले जातात.

खरी बचत दिसायला इतकी चमत्कारिक नसते. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं, म्हणून अंघोळी लागोपाठ उरकाव्यात. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं असेल तर बदलून घ्यावं. स्टार लेबल बघून घेतलेली वस्तू खरेदीला थोडी महाग पडते, पण तिचा हिशेब कागदावर मांडता येतो. आणि यातलं काहीही माझ्यावर विश्वास ठेवून करू नका. मीटर तुमच्याच घरात आहे. त्यावर छापलेला आकडा बघा, दिवा मोजा.

आता मास्तरांचं काय झालं ते सांगतो. शुक्रवारी ते पैसे द्यायला गेले नाहीत. टोकनचे पंचवीस हजार परत मागितले, तर आधी 'साहेब बाहेरगावी आहेत' आणि नंतर फोनच बंद. ते पैसे गेले. पुढचे दोन महिने मुलगा आमच्याकडे फिरकला नाही. त्याची स्वप्नं माझ्या स्टुलावर मोडली होती, राग येणारच. बायकोलाही वाटायचं, की मी जरा सबुरीने घ्यायला हवं होतं. कदाचित तिचं बरोबर असेल. मोजणं सोपं होतं, मोजल्यावर त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघणं अवघड गेलं.

गणपतीला मात्र तो आला. आरती झाल्यावर माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मामा, गल्लीत एक जण सोलर विकायला आलाय. वर्षभरात पैसे वसूल म्हणतोय."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, छपरावर ऊन किती तास असतं ते आधी आठवडाभर मोजतो. मग बोलू."

बायकोने त्याच्या ताटात आणखी एक मोदक वाढला.